ओंजळीचा फोटो

सरकारी पाळतीच्या आधुनिकीकरणाचा एक प्रयोग वऱ्हाडात माझ्या हातून झाला, ही गोष्ट मी इतक्या बैठकींत सांगितली आहे की माझ्या बायकोला ती माझ्याहून चांगली पाठ आहे. कोणत्या वाक्याला चहा टाकायचा आणि कोणत्या वाक्याला कप बाहेर आणायचे हे तिचं ठरलेलं आहे. लोक हसतात, मांड्यांवर थापा मारतात, शेवटी तर एकदोघांनी डोळेही पुसले आहेत. मात्र त्या गोष्टीत मी एक वाक्य बदलून सांगतो आणि शेवट कापतो. आज लिहायलाच बसलो आहे, तर ते वाक्यही लिहितो आणि शेवटही.

नगरपालिका कोणती ते सांगणार नाही. अमरावती आणि अकोला यांच्या मधे, रुळांपासून फार लांब नाही, एवढं पुरे. तिथे माझी सासुरवाडी आहे, आणि मला अजून जावई म्हणून तिथे जेवायला जावं लागतं.

मी अमरावतीचा. मामाचं फोटो स्टुडिओचं दुकान होतं, तिथे रविवारी नवरानवरीची मान सरळ करणं, रडणाऱ्या लेकराला खुळखुळा दाखवणं ही कामं मी करत असे. उरलेल्या वेळात गणपतीतली नाटकं. खलनायक असो की म्हातारी, मला काहीही द्या, पाचशे माणसं मी जागची हलू देत नसे. असा मी, एकोणीसशे साठच्या दशकाच्या मध्यावर, त्या नगरपालिकेच्या जकात विभागात कनिष्ठ कारकून म्हणून लागलो.

जकातीचं काम सोपं होतं. गावात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर एक नाका. बाहेरून येणाऱ्या मालावर तिथे कर घ्यायचा आणि पावती फाडायची. सरकी आली, ढेप आली, तूप आलं, कापडाचे गठ्ठे आले, की थांबा. डोईवरच्या टोपल्याला मात्र आमच्याकडे जकात नव्हती. भाजीवाल्या बाया सरळ निघून जात. आता कर म्हटला की कर चुकवणं आलं. कडब्याच्या गाडीत खाली तुपाचे डबे निघत, आणि ते न दिसावेत म्हणून नाक्यावरचा कोणी दुसरीकडे पाहत असे. यावर देखरेख म्हणून एक निरीक्षक होते आणि त्यांची एक सायकल होती. त्या सायकलीची चेन असं काही कुरकुरत असे की ते कचेरीच्या फाटकातून निघाले, की समोरचा पानवाला ओळखे, तो कोपऱ्यावरच्या न्हाव्याला सांगे, न्हावी कोणत्यातरी निघालेल्या टांग्यात निरोप बसवून देई, आणि निरीक्षक घामाघूम होऊन नाक्यावर पोहोचत तेव्हा पडदा वर जाऊन अर्धा तास झालेला असे. सगळे आपापल्या जागी उभे आणि संवाद पाठ.

अशा गावात पुण्याकडचे एक मुख्याधिकारी आले. बारीक, चष्मा लावणारे, खरोखर सज्जन. चपराशालासुद्धा अहोजाहो करत. आम्हाला पहिला आठवडाभर वाटलं की साहेब रागावले आहेत. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की परदेशात बँकांच्या पेढ्यांमधून आता माणसांच्या ऐवजी कॅमेरे पहारा देतात. तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द बसला होता, देखरेखीचं आधुनिकीकरण. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा ते तो उच्चारत. माणसाचा डोळा फितूर होतो, काच होत नाही, असं त्यांचं म्हणणं. महिन्याभरात त्यांनी एक कॅमेरा मंजूर करून घेतला, वरून डोकावून पाहायचा, छातीशी धरायचा, खाली तिवईसारखे तीन पाय. तो चालवता कोणाला येतो, असं त्यांनी विचारलं आणि माझा हात माझ्याआधी वर गेला.

प्रयोगासाठी पूर्वेकडचा नाका ठरला. त्याच्या समोर रस्त्यापलीकडे एक बंद पडलेली टिनाची खोली होती, पूर्वी कापसाचं वजन तिथे होई. तिच्या भिंतीला साहेबांनी स्वतः उभं राहून एक भोक पाडून घेतलं. त्या भोकामागे कॅमेरा, कॅमेऱ्यामागे मी. सकाळी आठ ते बारा. महिना वैशाखाचा. वऱ्हाडात वैशाखात टिनाच्या खोलीत बसणं काय असतं ते पुण्याच्या माणसाला कळावं अशी अपेक्षा नव्हती. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, असा मी गुप्तपणे जाऊन बसलो.

गुप्तपणा पहिल्या दिवशी साडेनऊपर्यंत टिकला. मग भोकाशी एक डोळा आला. बाहेरून. डोळ्यानं विचारलं, "काय करून राहिले बाबू अंदर?" मी श्वास रोखून धरला. डोळा म्हणाला, "इतक्या गरमीत मराल ना." आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून नाक्यावरच्या चपराशानं रोज धुतलेली टोपी घालायला सुरुवात केली. गाडीवाले भोकासमोर आल्यावर मिशा नीट करत. एक जण तर बैलजोडी घेऊन मुद्दाम उलटा फिरला, दोन्ही बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, आणि मी फोटो काढेपर्यंत हलायलाच तयार होईना. मागे गाड्यांची रांग लागली. काढला मी. चांगला आला.

इथपर्यंत बैठकीत हशा होतो. चहा येतो.

नाक्यावर दोन माणसं होती. चपराशी पन्नाशीचा, तुळशीची माळ घातलेला, गमत्या. नाक्याच्या छपरीत एका तिवईवर पाण्याचं मडकं होतं आणि ते त्याचं दैवत होतं. पहाटे भरायचं, ओलं फडकं गुंडाळायचं, आत वाळ्याची जुडी सोडायची. साडेदहाच्या सुमाराला मी त्या खोलीतून सुटका करून घेऊन रस्ता ओलांडत असे आणि तो पितळी पेला भरून माझ्या हातात देत असे. एवढं गार पाणी मी पुढे मुंबईच्या हॉटेलांतही प्यालो नाही.

दुसरा नाकेदार. पावत्या तो फाडायचा. माझ्याच वयाचा, मॅट्रिक झालेला, अक्षर असं की पावती चौकटीत लावावी. छप्पन्न साली त्याच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. त्यांच्या वस्तीत सरकारी नोकरी लागलेला तो पहिला. नेमणूक एक वर्षाच्या बोलीवर होती आणि ते वर्ष त्याच महिन्यात पुरं होत होतं. नंतर एक तर कायम, नाहीतर घरी. कायम झाला की वडिलांची मजुरी सोडवायची असं त्यानं मला एकदा पावती फाडता फाडता सांगितलं होतं.

त्या मडक्याचं पाणी तो पीत नसे. त्याला कोणी पिऊ नको म्हटलं नव्हतं. तो रुजू झाला त्या दिवशी चपराशानं पेला तिवईवरून उचलून आपल्या पेटीत ठेवला, आणि त्यानंतर जो मागेल त्याला पेटीतून काढून द्यायला लागला. एवढंच. त्यानं मागितला नाही, यानं दिला नाही. आम्ही वऱ्हाडी माणसं सगळं तोंडावर बोलतो म्हणून प्रसिद्ध आहोत. हे आम्ही कधी बोललो नाही. मी रोज त्याच्या डोळ्यांदेखत तो पेला मागून घेतला आणि रिकामा करून परत दिला. माझं आडनाव मला तिथे कोणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तो घरून काचेच्या बाटलीत पाणी आणायचा. वैशाखात दहाला ते संपायचं. तेव्हा त्याच्या मदतीला येई ती एक म्हातारी माळीणबाई. जवळच्या खेड्यातून भेंडी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन ती रोज बाजाराला जायची. टोपल्यात वर एक तांब्याचा लोटा, विहिरीच्या पाण्यानं भरलेला. याला पाहिलं की ती थांबे. "घे रे बाप्पा, घसा सुकला अशीन," म्हणे. तो टेबलामागून उठून रस्त्याच्या कडेला येई, वाकून ओंजळ धरी आणि ती वरून पाणी सोडी. लोटा त्याच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचावरून. तिची माया खरी होती आणि ते अंतरही खरं होतं. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट हे चित्र मोठं सुरेख दिसे.

म्हणून तर मी ते काढलं. सकाळचं तिरकं ऊन, मागे नाक्याची चुना दिलेली भिंत, म्हातारी कमरेवर टोपलं टेकवून उभी, आणि तो खाली वाकलेला. मी दोन दिवस त्या क्षणाची वाट पाहिली. मामानं पाहिला तर तो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावील, असा विचार करत बटण दाबलं. त्या दोघांना कॅमेरा आहे हे माहीत होतं. साऱ्या गावाला होतं. पण पाणी पिण्यात लपवण्यासारखं काय आहे?

रोल अकोल्याला धुवायला गेला आणि आठवड्यानं बारा फोटो आले. साहेबांनी ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. धुतलेली टोपी. मिशा. बैलजोडी. पुन्हा टोपी. मोकळा रस्ता आणि एक कुत्रं. साहेबांचा चेहरा उतरत चालला होता. मग त्यांचा हात एका फोटोवर थांबला.

मला तो फोटो अजून डोळ्यांपुढे दिसतो. पांढऱ्या भिंतीवर पाण्याची धार अजिबात उमटली नव्हती. लोटा टोपल्याच्या काठाआड गेला होता, म्हातारीची फक्त मूठ दिसत होती, पालथी, काहीतरी सोडणारी. आणि तिच्याखाली नाकेदार, पाठीत वाकलेला, दोन्ही हात पसरलेला, नजर त्या मुठीकडे. लाच घेणाऱ्या माणसाचा इतका बोलका फोटो मी ठरवूनही काढू शकलो नसतो.

साहेब उभेच राहिले. त्यांनी माझा हात धरून हलवला. म्हणाले, याला म्हणतात पुरावा, तुम्ही या नगरपालिकेला एका फोटोत वीस वर्षं पुढे नेलंत. शेजारी जकात अधीक्षक होते, गणपतीतल्या नाटकांचे माझे नेहमीचे प्रेक्षक, त्यांनीही मान डोलावली. मी तोंड उघडलं होतं. साहेब, ते पाणी आहे, एवढे चार शब्द. पण नोकरीत पहिल्यांदाच कोणीतरी माझं कौतुक करत होतं, आणि कौतुकाला मध्येच तोडणं मला जमत नाही. आणि दुसरंही होतं. पाणी म्हटलं असतं तर साहेब विचारणार, ओंजळीनं का? मग मडक्याचं सांगावं लागलं असतं. मग, तुम्ही कुठलं पीत होता, हे आलंच. मी मनात म्हटलं, उद्या सांगू.

उद्या गेला, परवा गेला. नाकेदाराला कामावरून काढून घरी बसवलं आणि चौकशीची तारीख पडली. गावात बोभाटा झाला. भाजीवालीकडूनसुद्धा खातो, असं लोक म्हणू लागले, आणि हे म्हणणाऱ्यांत तुपाच्या डब्यांकडे न पाहणारेही होते. माळीणबाईला बोलावून विचारावं हे कोणाला सुचलं नाही. काच बोलली होती, बाईला काय विचारायचं.

चौकशीच्या आदल्या दिवशी तो मला कचेरीच्या व्हरांड्यात भेटला. इस्त्रीचा सदरा घालून आला होता. वाकडं बोलेल, शिव्या देईल, अशी मी तयारी ठेवली होती. त्यानं हळूच विचारलं, "उद्या तुमी असान ना तथी?"

मी म्हटलं, असणारच, फोटो माझा आहे.

"मंग ठीक हाय," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. "तुमी सांगसान म्हणून मी घरी काईच बोललो नाही. मले माह्या तोंडानं थे सांगाची लाज वाटते."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. छान ठेवला. नाटकात ठेवतात तसा.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत टेबलामागे साहेब, उजवीकडे नगराध्यक्ष, म्हणजे सरकीचे मोठे व्यापारी, डावीकडे अधीक्षक. मी भिंतीशी खुर्चीवर, साक्षीदार म्हणून. नाकेदार उभा. फोटो त्याच्यापुढे सरकवला गेला. अध्यक्ष म्हणाले, "सांग ना बाप्पा, हातात काय देल्लं त्या बाईनं?"

तो फोटोकडे पाहत राहिला. त्यानं स्वतःला असं बाहेरून पहिल्यांदाच पाहिलं असावं, वाकलेलं. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "यायले इचारा जी. हे समोरच बसून होते. सारं पाहून राहिले होते."

साहेब माझ्याकडे वळले. खोलीतले सगळे वळले. मला लोक माझ्याकडे वळलेले आवडतात, तो एक दिवस सोडून. हेच ते वाक्य, जे मी बैठकीत बदलतो. बैठकीत मी खुर्चीवरून उठतो आणि म्हणतो, साहेब, ते पाणी होतं, आणि हा आमच्या सगळ्यांच्या लाजेचा फोटो आहे. टाळ्या पडतात. प्रत्यक्षात मी खुर्चीवरून उठलो नाही. शुद्ध पुणेरी भाषेत, जी मी घरी तर नाहीच पण रंगमंचावरही कधी इतकी स्वच्छ बोललो नव्हतो, मी म्हणालो, "फोटोत जेवढं दिसतं, तेवढंच मला सांगता येईल, साहेब."

नाकेदार माझ्याकडे आणखी थोडा वेळ पाहत राहिला. रागानं नाही. एखाद्याचं नाव आठवत नसलं की आपण त्याच्याकडे पाहतो, तसं. मग त्यानं नजर काढून घेतली.

"पाणी होतं," तो साहेबांना म्हणाला.

साहेब गोंधळले. पाणी ओंजळीत कशाला? नाक्यावर मडकं नाही का? आहे, असं तो म्हणाला. मग? अधीक्षकांना खोकला आला. अध्यक्ष खिशात तंबाखूची डबी शोधू लागले. पुण्याकडे हे नसतं असं थोडंच आहे, पण आपल्या कचेरीच्या छपराखाली ते असेल, असं साहेबांनी धरलंच नव्हतं. आता ते एकेकाकडे पाहू लागले. माझ्याकडे पाहायची पाळी आली तेव्हा मी फोटोतल्या बैलजोडीत लक्ष घातलं.

नाकेदारच पुढे बोलला. दीक्षा घेतली तेव्हा आपण सगळ्या वस्तीसमोर म्हटलं होतं, की वरून ओतलेलं पाणी यापुढे प्यायचं नाही. तहान लागली की ते मोडत होतं, आणि रोज घरी जाऊन कोणाला सांगत नव्हतो. लाच घेतली असं लिहायचं तर लिहा, पण ते खोटं आहे. हे खरं आहे, आणि हे सांगायला लाचेपेक्षा जड गेलं. एवढं झाल्यावर तो म्हणाला, "तुमी आत्ताच चाला नाक्यावर. मी मडक्यातलं पाणी पेतो. यायले म्हणा, याचाबी फोटो काढा."

साहेब ताबडतोब उठले. तेवढं श्रेय मी त्यांना देईन, माणूस सरळ होता. अध्यक्षांना उन्हाचं कारण सांगायचं होतं, पण साहेबांनी छत्री त्यांच्या हातात दिली. अशी आमची वरात भर बाराच्या उन्हात पूर्वेच्या नाक्याकडे निघाली. पुढे साहेब, मग छत्री, मग अधीक्षक, मग नाकेदार एकटाच, आणि शेवटी मी, तीन पायांचा स्टँड खांद्यावर घेऊन. रस्त्यावरचे लोक दुकानांतून बाहेर येऊन पाहत होते.

चपराशी आम्हाला पाहून उठून उभा राहिला. नाकेदार थेट त्याच्या पेटीपाशी गेला, झाकण उघडलं आणि पेला काढला. चपराशाचा हात अर्धा पुढे आला होता, साहेबांना पाहून तो मागे गेला. नाकेदारानं मडक्यावरचं झाकण काढलं, पेला आत बुडवला, भरून बाहेर काढला आणि ओठांना लावून प्याला. घोट घेताना त्याचे डोळे उघडे होते. मी कॅमेरा छातीशी धरला. त्या कॅमेऱ्यात पाहायचं तर मान खाली घालावी लागते. मी घातली, आणि बटण दाबलं. त्यानं दुसरा पेला बुडवला. तोही सावकाश संपवला. अध्यक्ष आभाळाकडे पाहत होते. चपराशाच्या ओठांवर काहीतरी पुटपुटणं चाललं होतं.

साहेबांनी तिथेच, त्याच्याच टेबलावर बसून, आरोप निराधार असा शेरा लिहिला. नाकेदार कायम झाला. अध्यक्षांनी निघताना एक छोटं भाषणही केलं, की नगरपालिकेला सगळे नागरिक सारखे.

टाळ्या इथे पडतात. कप गोळा होतात, कोणीतरी म्हणतं काय जमाना होता, आणि मी पाणी मागतो. इथेच मी नेहमी थांबत आलो आहे.

पण तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला टिनाच्या खोलीतलं उरलेलं सामान आणायला नाक्यावर पाठवलं. एक खुर्ची, एक सतरंजी. दहाची वेळ. गावातून चालत आलो होतो आणि घसा लाकडासारखा झाला होता. रस्ता ओलांडून छपरीत गेलो.

तिवईवर नवं मडकं होतं. लालभडक, भट्टीतून नुकतं आल्यासारखं, नवं फडकं गुंडाळलेलं, वाळ्याची नवी जुडी. शेजारी नवा पेला. आणि जुनं मडकं छपरीच्या दुसऱ्या टोकाला होतं, नाकेदाराच्या टेबलाच्या पायाशी, दोन विटांवर. त्यावर झाकण होतं, जुना पितळी पेलाही होता, काही कमी नव्हतं. कायम झालेल्या नाकेदाराला नगरपालिकेनं स्वतःचं मडकं दिलं होतं, असं पाहिजे तर म्हणा. कुठे तक्रारीला जागा नव्हती. दोघे आपापल्या जागी बसले होते, आणि कोणी काही बोललं नव्हतं.

चपराशी मला पाहून खूश झाला. माझी तहान त्याला चेहऱ्यावरून कळली. त्यानं नव्या मडक्यातून पेला भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

जुनं मडकं माझ्यापासून चार पावलांवर होतं. नाकेदार एका गाडीची पावती लिहीत होता. त्याला मी आलेला कळला होता, कारण त्याचं लिहिणं थांबलं होतं. मान मात्र त्यानं वर केली नव्हती. तो मला वेळ देत होता, असं मला आज वाटतं. तेव्हा काय वाटलं ते आठवत नाही. चपराशाचा हात पुढे होता, पेल्याच्या कडेवरून थेंब ओघळत होता. त्याला वाईट वाटेल, असं कारण मी मनात तयारही केलं होतं.

मी तो पेला घेतला आणि प्यालो. पाणी गार होतं. सगळं प्यालो, आणि रिकामा पेला परत दिला.

नाकेदाराचं लिहिणं पुन्हा सुरू झालं. पावती फाडून त्यानं गाडीवाल्याच्या हातात दिली, पुढच्या गाडीला हात करून बोलावलं, आणि कडब्याखाली काय आहे ते विचारायला स्वतः उठून उन्हात गेला. मी खुर्ची डोक्यावर घेतली, सतरंजी बगलेत मारली आणि गावाकडे निघालो.